नात्यांचा नकाशा : जबलपूरच्या निमित्ताने सामाजिक भांडवलाचा अभ्यास

जबलपूर शहरातील रांझी अथवा गोरखपूर भागातल्या एखाद्या प्राथमिक शाळेत चौथीच्या मुलांना कोरा कागद द्यावा, मध्यभागी ‘मी’ असे लिहावयास सांगावे आणि ‘तुझा ज्यांच्याशी संबंध येतो ते सारे या कागदावर मांड’ एवढेच सांगून थांबावे. काही मिनिटांतच कागदावर आई, वडील, बहीण, आजी उमटू लागतात. नंतर दूधवाला, शेजारची ताई, शाळेची रिक्षा चालविणारे काका येतात. कोणी म्हैस काढतो, कोणी नर्मदामाई काढतो, कोणी दोन वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांनाही जागा देतो. अशा रीतीने तयार होणाऱ्या आकृतीस शिक्षणशास्त्रात मनोनकाशा अथवा माइंड मॅप म्हणतात. वरकरणी हा चित्रकलेच्या तासाचा खेळ वाटतो. परंतु विकासाच्या अर्थशास्त्रात गेल्या चार दशकांत ज्या संकल्पनेवर सर्वाधिक वाद झाला, ती सामाजिक भांडवलाची संकल्पना समजून घेण्यासाठी याहून सोपे साधन क्वचितच सापडेल. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी या विषयाकडे त्या दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरेल.

संकल्पनेचा उगम शाळेतच

सामाजिक भांडवल हा शब्दप्रयोग उच्चारताच पियरे बोर्दिए, जेम्स कोलमन आणि रॉबर्ट पुटनम ही नावे सांगितली जातात आणि ते योग्यच आहे. मात्र या शब्दाचा आजच्या अर्थाच्या जवळ जाणारा वापर १९१६ साली एल. जे. हॅनिफन या अमेरिकन अधिकाऱ्याने केला होता, हे अनेकदा निसटून जाते. ते वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील ग्रामीण शाळांचे पर्यवेक्षक होते. गावातील माणसे शाळेच्या निमित्ताने एकत्र आली, एकमेकांना ओळखू लागली, तर त्या ओळखीतून रस्ते, वाचनालय, हजेरी अशा सर्वच बाबतींत सुधारणा होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे ही संकल्पना विद्यापीठात नव्हे, तर खेड्यातील शाळेच्या आवारात जन्मली.

कोलमन यांनी १९८८ मध्ये तिला काटेकोर रूप दिले. मूल शाळेत टिकते की गळते, हे केवळ पालकांच्या उत्पन्नावर व शिक्षणावर अवलंबून नसते; मुलाच्या मित्रांचे पालक एकमेकांना ओळखतात की नाही, यावरही ते अवलंबून असते, असे त्यांनी दाखविले. राजूने शाळा बुडविली हे त्याच्या मित्राच्या आईला दिसले आणि तिने राजूच्या आईला सांगितले, तर राजू दुसऱ्या दिवशी शाळेत असतो. हे माहितीचे वहन कोणत्याही योजनेच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. पण गळतीच्या आकडेवारीत त्याचा परिणाम दिसतो. पुटनम यांनी १९९३ मध्ये इटलीच्या प्रादेशिक सरकारांच्या कारभारातील तफावत याच सूत्राने स्पष्ट केली आणि त्यानंतर जागतिक बँकेसारख्या संस्थांच्या अहवालांत हा शब्द रूढ झाला.

नकाशाचे चार पूर्वज

मनोनकाशाचे नाव ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांच्याशी जोडले जाते. त्यांनी १९७४ पासून, बीबीसीवरील मालिका व पुस्तके यांद्वारे ही पद्धत लोकप्रिय केली. मध्यभागी विषय आणि त्यातून फुटणाऱ्या फांद्या, अशी तिची रचना असते. याच काळात कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी विकसित केलेला संकल्पना-नकाशा थोडा वेगळा आहे. त्यात प्रत्येक रेषेवर ती रेषा काय सांगते हे लिहावे लागते. परीक्षेत या दोहोंची गल्लत होते, म्हणून हा फरक लक्षात ठेवावा.

माणसामाणसांतील संबंध कागदावर मांडण्याची परंपरा मात्र याहून जुनी आहे. जेकब मोरेनो यांनी १९३० च्या दशकाच्या प्रारंभी न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या सुधारशाळेचा अभ्यास केला. तेथून अल्पावधीत अनेक मुली पळून गेल्या होत्या. पळून जाण्याचे कारण मुलींच्या स्वभावात शोधण्याऐवजी मोरेनो यांनी कोणाला कोणाची सोबत आवडते याचे आलेख काढले आणि पळून गेलेल्या मुली एकमेकींशी साखळीने जोडलेल्या होत्या, हे दाखविले. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातून समाजमिती ही शाखा आकाराला आली. समाजकार्याच्या क्षेत्रात ॲन हार्टमन यांनी १९७० च्या दशकात परिस्थितिकी-नकाशा आणला. त्यात जाड रेषा म्हणजे घट्ट नाते, तुटक रेषा म्हणजे विरळ नाते आणि आडव्या छेदांची रेषा म्हणजे ताणाचे नाते, अशी खूण असते. १९८० मध्ये कान आणि अँटोनुच्ची यांनी तीन समकेंद्री वर्तुळांची पद्धत सुचविली : ज्यांच्याशिवाय जगणे कठीण ते आतल्या वर्तुळात, तितके जवळ नसलेले मधल्या आणि परिचयाचे बाहेरच्या वर्तुळात.

भारतीय विद्यार्थ्यांना ओळखीची वाटेल अशी आणखी एक पद्धत म्हणजे सहभागी ग्रामीण समीक्षेतील चपाती आकृती. रॉबर्ट चेंबर्स यांच्या लेखनातून आणि भारतातील स्वयंसेवी संस्थांच्या कामातून ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस रुजली. गावकरी लहानमोठ्या गोल चकत्या मांडून कोणती संस्था आपल्या किती जवळ आहे हे दाखवितात. ग्रामपंचायतीची चकती मोठी, परंतु दूर ठेवलेली आणि गावातल्या किराणा दुकानदाराची लहान, परंतु अगदी जवळ, असे चित्र अनेकदा निघते. एखाद्या अहवालाच्या दहा पानांत जे सापडत नाही ते अशा मांडणीत क्षणात दिसते.

जबलपूर : एक शहर, अनेक धागे

मुलांच्या नकाशाकडे वळण्यापूर्वी शहराचा नकाशा पाहणे योग्य होईल, कारण मुलाची नाती शहराच्या इतिहासातून आलेली असतात. हा प्रदेश १७९८ पासून नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १८१७ च्या अखेरीस तो इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली तेव्हा राजधानी नागपूर ठरली आणि जबलपूरचा कारभार पुढील जवळजवळ शतकभर नागपूरहून चालला. १८७० मध्ये मुंबईहून येणारा आणि कोलकात्याहून येणारा लोहमार्ग जबलपूर येथे एकमेकांस मिळाले. १९०४ मध्ये तोफगाडी कारखाना उभा राहिला आणि पुढे खमरिया येथील आयुधनिर्माणी व वाहन कारखाना यांनी शहराचा रोजगार घडविला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूर येथे आले. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला हेच नव्या न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालयही येथेच आहे.

या घडामोडींमुळे जबलपूरच्या एका वर्गात मराठी, हिंदी, बंगाली, गोंड अशी विविध पार्श्वभूमीची मुले शेजारी शेजारी बसतात. मराठी घरातील मुलाच्या कागदावर आत्या नागपुरात आणि मामा गोंदियात असू शकतो. मामाच्या घरी जाणारी सातपुड्यातील नॅरोगेज गाडी आता इतिहासजमा झाली असून तो मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. परंतु आजीच्या गोष्टींत ती गाडी अजून धावते.

येथे इरावती कर्वे यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र हा उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील नातेव्यवस्थांचा संधिप्रदेश आहे, असे त्यांनी दाखविले. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह संमत आहे. नर्मदेच्या उत्तरेस तो निषिद्ध मानला जातो. जबलपूरच्या वर्गात मराठी मुलगा मामेबहिणीविषयी बोलतो आणि त्याचा हिंदी भाषक मित्र ‘ममेरी बहन’ म्हणतो, तेव्हा शब्द जवळचे असले तरी त्यामागील नियम वेगळे असतात. काका, मामा, आत्या, मावशी हे भेद मुलांच्या तोंडी असणे ही शिक्षकाच्या हाती आलेली आयती सामग्री आहे. ‘अंकल’ आणि ‘आंटी’ या दोन शब्दांत सारे नातेवाईक कोंबले गेले की नकाशातील निम्मी माहिती नाहीशी होते.

मुलांना साहाय्य कसे करावे

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर परिसर अभ्यासाच्या अभ्यासक्रमात ‘कुटुंब आणि मित्र’ हा विषय प्रथम क्रमांकावर ठेवण्यात आला आणि त्यात नातेवाइकांबरोबरच काम व खेळ, प्राणी आणि वनस्पती यांचाही समावेश करण्यात आला. मुलाचे जग माणसांपुरते मर्यादित नसते, हे त्यात गृहीत धरले होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सामाजिक व भावनिक विकासाला अध्ययनाचे अंग मानले. त्यामुळे नात्यांचा नकाशा हा अभ्यासक्रमाबाहेरचा उपक्रम उरत नाही.

शिक्षकाने आपला स्वतःचा नकाशा आधी फळ्यावर काढू नये. तो काढला की वर्गातील चाळीसही मुले त्याचीच प्रतिकृती काढतात. त्याऐवजी प्रश्न विचारावेत. ताप आला आणि आई घरी नसली तर कोणाकडे जाशील? गृहपाठ अडला तर? सायकल पंक्चर झाली तर? तुला कोणाची आठवण येते? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : तुझी गरज कोणाला पडते? पहिल्या प्रश्नांतून मुलाकडे येणारे बाण निघतात; शेवटच्या प्रश्नातून मुलाकडून जाणारे बाण निघतात. आजोबांचा चष्मा शोधून देणारी, धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडणारी मुलगी स्वतःला केवळ घेणारी समजत असते. दोन्ही दिशांचे बाण काढल्यावर तिला आपण देणारेही आहोत, हे कळते.

वयानुसार अपेक्षा बदलाव्यात. पहिली-दुसरीची मुले चित्रे काढतील, रेषांचे प्रकार त्यांना समजणार नाहीत. चौथी-पाचवीत जाड, तुटक व बाण ही भाषा सहज जमते. सातवीनंतर ‘तुझ्या कागदावरील माणसे एकमेकांनाही ओळखतात का?’ असे विचारता येते आणि येथूनच अर्थशास्त्र सुरू होते. भाषेविषयी एक सूचना : ज्या भाषेत मूल त्या माणसाला हाक मारते, त्याच भाषेत ते नाव लिहू द्यावे. शुद्धलेखन तपासण्याची ही वेळ नव्हे. वारलेल्या आजोबांना अथवा नदीला खोडण्याचाही आग्रह धरू नये.

रेषा मोजणे : घनता

समजा, खमरिया वसाहतीतील एका मुलीने आपल्या कागदावर ६ माणसे मांडली. या ६ जणांत परस्परांत जास्तीत जास्त किती जोड्या होऊ शकतात? सूत्र न × (न – १) ÷ २ असे आहे; म्हणजे ६ × ५ ÷ २ = १५. तिच्या वडिलांचे सहकारी, शेजारी आणि नातेवाईक एकाच वसाहतीत राहत असल्यामुळे १५ पैकी १२ जोड्या एकमेकांना ओळखतात. तिच्या जाळ्याची घनता १२ ÷ १५, म्हणजे ०.८ झाली. दुसऱ्या एका मुलाच्या कागदावरही ६ माणसेच आहेत, पण त्यांत गावाकडची आजी, शाळेतील शिक्षिका, बाजारातील फळविक्रेते काका, क्रिकेटचा मित्र असे विखुरलेले लोक आहेत आणि केवळ ३ जोड्या एकमेकांना ओळखतात. त्याची घनता ०.२. (चाळीस मुलांच्या वर्गात ७८० जोड्या संभवतात, हे विद्यार्थ्यांनी स्वतः पडताळून पाहावे.)

यांपैकी कोणाचे सामाजिक भांडवल अधिक? याचे सरळ उत्तर नाही आणि परीक्षक नेमके येथेच विद्यार्थ्याची पारख करतो. दाट जाळे संकटात आधार देते, मुलावर लक्ष ठेवते, उसनवारी शक्य करते. यास बंध म्हणावे. विरळ जाळे वेगवेगळ्या जगांतील माहिती आणून देते. त्यास सेतू म्हणावे. यांखेरीज सामान्य माणसाला अधिकारी, बँक, रुग्णालय, न्यायालय अशा सत्तास्थानांशी जोडणारा तिसरा प्रकार आहे. त्यास दुवा म्हणता येईल. पहिले दोन प्रकार समान पातळीवरचे असतात, तिसरा वर जातो. गरीब कुटुंबांकडे बंध मुबलक, सेतू थोडे आणि दुवे जवळजवळ नसतात, हे विकास-अभ्यासांतील वारंवार आढळणारे निरीक्षण आहे.

सेतूचे महत्त्व मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखविले. बॉस्टनजवळील न्यूटन येथे ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले : ज्याने ही बातमी दिली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता? १६.७ टक्के लोकांनी वारंवार, ५५.६ टक्क्यांनी अधूनमधून आणि २७.८ टक्क्यांनी क्वचितच असे सांगितले. जवळच्या मित्राला जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दूरचा परिचित आणतो. नमुना लहान होता, परंतु निष्कर्षाने एक संपूर्ण संशोधनशाखा उभी केली. अलीकडे, २०२२ मध्ये, राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील २१०० कोटी समाजमाध्यमीय मैत्रींच्या आधारे असे दाखविले की, गरीब मुलांना श्रीमंत मुलांइतकाच उच्च उत्पन्न गटातील मित्रांचा सहवास लाभणाऱ्या परिसरात वाढता आले, तर प्रौढपणी त्यांचे उत्पन्न सरासरीने सुमारे २० टक्क्यांनी अधिक असू शकेल.

बंध जेव्हा बेडी होतो : दादरचा पुरावा

मराठी वाचकासाठी याहून महत्त्वाचा पुरावा मुंबईतील दादरचा आहे. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांचा या विषयावरील लेख २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रमिक जातींतील पुरुषांना पिढ्यान्पिढ्या जातीच्या ओळखीतून गिरण्या, गोद्या आणि कारखान्यांत काम मिळत असे. १९९० च्या दशकात आर्थिक उदारीकरणानंतर इंग्रजीचे मोल झपाट्याने वाढले. तरीही या जातींतील मुलगे मराठी माध्यमाच्या शाळांतच जात राहिले, कारण त्यांच्यासाठी जातीच्या जाळ्यातील नोकरीचा मार्ग खुला होता आणि त्या मार्गाला इंग्रजी लागत नव्हते. मुलींना मात्र त्या जाळ्यात कधीच स्थान नव्हते. परिणामी त्याच घरांतील मुली इंग्रजी माध्यमाकडे वळल्या आणि नव्या अर्थव्यवस्थेच्या संधी घेण्यास भावांपेक्षा अधिक सिद्ध झाल्या.

घट्ट नाते ही नेहमीच संपत्ती असते, या समजुतीला यापेक्षा नेमके उत्तर मिळणार नाही. जबलपूरच्या संदर्भात हा प्रश्न जिवंत आहे. आयुधनिर्माणीत वडील, म्हणून मुलगाही तेथेच, अशी अपेक्षा शहराच्या पूर्व भागातील वसाहतींत अनेक दशके होती. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या जागी ७ सार्वजनिक कंपन्या आल्या. ज्या मुलाच्या नकाशावरील बारापैकी दहा माणसे एकाच कारखान्याशी संबंधित आहेत, त्याच्यासाठी या बदलाचा अर्थ निराळा आहे.

सेतू धोरणाने बांधता येतात का? शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशस्तरावर २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी आहेत. गौतम राव यांनी दिल्लीतील शाळांतील अशा सहअध्ययनाचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार आणि कमी भेदभाव करणारी आढळली. पण एकाच शाळेत असणे पुरेसे नसते. एकाच बाकावर, एकाच अभ्यासगटात असणे महत्त्वाचे असते. नकाशा काढताना मुले वर्गातील कोणाचे नाव लिहितात आणि कोणाचे लिहीत नाहीत, हे शिक्षकाने पाहावे.

कोरा पडलेला कागद : बरगीचे विस्थापन

जबलपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर नर्मदेवर बरगी धरण आहे. त्याच्या जलाशयास राणी अवंतीबाई सागर म्हणतात. १९७० च्या दशकाच्या मध्यास काम सुरू झाले, १९९० मध्ये जलाशय भरला. मंडला, सिवनी आणि जबलपूर या ३ जिल्ह्यांतील १६२ गावे बाधित झाली. विस्थापितांत गोंड आदिवासींचे प्रमाण मोठे होते. अनेक कुटुंबे जबलपूरच्या वस्त्यांत आली. पुरुष रिक्षा ओढू लागले, मजुरी करू लागले.

मायकेल सर्निया यांनी विस्थापनातून येणाऱ्या दारिद्र्याची ८ जोखमींत मांडणी केली आहे : भूमिहीनता, बेरोजगारी, बेघरपणा, सीमांतीकरण, अन्नाची असुरक्षितता, वाढते आजारपण व मृत्यू, सामाईक संपत्तीला मुकणे आणि सामाजिक वीण उसवणे. परीक्षेसाठी ही यादी पाठ केली जाते आणि आठवी जोखीम सर्वांत शेवटी असल्यामुळे तिच्यावर एक वाक्य लिहून विषय संपविला जातो. वास्तविक अनेकदा इतर सातांतून बाहेर पडण्याची वाट या आठवीतूनच जाते. गावात असताना पेरणीला बियाणे उसने मिळत होते, बाळंतपणाला सुईण माहीत होती, मूल रानात हरवले तर चार माणसे शोधावयास निघत होती. जमीन, घर, विहीर, आंब्याचे झाड यांचे मूल्य काढता येते. शेजाऱ्याचे मूल्य कोणत्या दराने काढावयाचे? गाव फुटले, एक घर एका वस्तीत आणि दुसरे दुसऱ्या जिल्ह्यात गेले, की पंचवीस-तीस घरांचे जाळे दोन-तीन घरांवर येते आणि ते ज्यांनी गमावले त्यांच्याकडे त्याचा कोणताही कागदी पुरावा नसतो.

अशा कुटुंबातील पुढच्या पिढीचे मूल शहरातील वर्गात बसले असता त्याच्या नकाशात बाहेरचे वर्तुळ कोरे दिसू शकते. शिक्षकाने त्याचा अर्थ ‘मूल अबोल आहे’ असा लावू नये. त्या कोऱ्या जागेला इतिहास असतो.

उसवलेली वीण पुन्हा विणता येते का, याचेही उत्तर बरगीनेच दिले. विस्थापितांनी संघटित होऊन मच्छीमार सहकारी संस्था स्थापन केल्या आणि १९९४ मध्ये ५४ प्राथमिक संस्थांच्या त्यांच्या महासंघाला जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळाला. ज्यांची शेते पाण्याखाली गेली त्यांनी त्याच पाण्यावर सामूहिक हक्क मागितला. बंध होतेच, संघटनेने गावागावांत सेतू बांधले आणि महासंघाने शासनाशी दुवा जोडला. तिन्ही प्रकार एकाच उदाहरणात दिसतात, म्हणून उत्तरपत्रिकेत हे उदाहरण उपयोगी पडते. भूसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहत कायदा २०१३ ने सामाजिक आघात मूल्यमापन बंधनकारक केले. हा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. बरगीच्या वेळी अशी वैधानिक तरतूद नव्हती.

आपत्तीच्या बाबतीतही हेच दिसते. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंपाचा तीव्र धक्का बसला. शहरात व परिसरात जीवितहानी झाली आणि हजारो घरांची पडझड झाली. अशा वेळी पहिली मदत बहुतेकदा शेजाऱ्यांची असते, कारण यंत्रणा येईपर्यंत वेळ जातो. डॅनियल आल्ड्रिच यांनी टोकियो (१९२३), कोबे (१९९५), तमिळनाडू (२००४) आणि न्यू ऑर्लिन्स (२००५) या आपत्तींचा तुलनात्मक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. पुनरुभारणीचा वेग ठरविण्यात सामाजिक भांडवलाचा वाटा मोठा असतो, असे त्यांना आढळले. मात्र तमिळनाडूतील किनारी गावांच्या बलिष्ठ पारंपरिक पंचायतींनी मदत मिळवून देतानाच दलितांना व स्त्रियांना तिच्यापासून दूर ठेवल्याचेही त्यांनी नोंदविले आहे.

‘भांडवल’ म्हणावे काय?

या संज्ञेवरील आक्षेप विद्यार्थ्यांना माहीत असले पाहिजेत. केनेथ ॲरो यांनी २००० साली भांडवल हे रूपकच सोडून द्यावे, असे सुचविले. भांडवल म्हणजे भविष्यातील लाभासाठी आज केलेला जाणीवपूर्वक त्याग आणि ते दुसऱ्यास हस्तांतरित करता येते. मैत्री कोणी परताव्याच्या हिशेबाने करीत नाही आणि ती विकताही येत नाही. रॉबर्ट सोलो यांनीही याच साठ्याचे मोजमाप कसे करावे, असा प्रश्न उपस्थित केला. दुसऱ्या बाजूने, वापरल्याने झिजण्याऐवजी वाढणारी आणि न वापरल्यास आटणारी अशी ही एक साधनसंपत्ती आहे, असे समर्थक म्हणतात. आक्षेप वजनदार आहेत. तरीही संकल्पना उपयोगी आहे, कारण ती प्रशासकाला व्यक्तींऐवजी त्यांच्यामधील रेषांकडे पाहावयास लावते.

जपणूक

नकाशा हा मुलाच्या घराचा दरवाजा असतो आणि तो उघडणाऱ्यावर जबाबदारी येते. हे कागद वर्गाच्या भिंतीवर लावू नयेत. एका मुलाच्या कागदावर तीस नावे आणि शेजारच्याच्या कागदावर चार, ही तुलना नवव्या वर्षी सोसवत नाही. गुण तर मुळीच देऊ नयेत. वडिलांचे नाव का नाही, असे सर्वांसमोर विचारू नये. एखाद्या नात्यावर मुलाने ताणाची रेषा काढली, एखाद्या माणसाविषयी भीती व्यक्त केली, तर शांतपणे, एकट्याने ऐकून घ्यावे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२ च्या कलम १९ नुसार अशा अपराधाची माहिती अथवा शक्यता कळल्यावर ती विशेष बाल पोलीस पथकास वा स्थानिक पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. तेथे ‘घरगुती बाब’ ही सबब चालत नाही. १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक प्रत्येक मुलाच्या नकाशात, बाहेरच्या वर्तुळात का होईना, लिहून घ्यावा. ज्यांच्या कागदावर दुवा म्हणता येईल असे एकही नाव नाही, त्यांच्यासाठी तो पहिला दुवा असतो.

सहा महिन्यांनी तोच उपक्रम पुन्हा करावा, जुना कागद न दाखविता. दोन्ही कागद नंतर शेजारी ठेवले की मुलाला स्वतःलाच फरक दिसतो : एक मित्र दुसऱ्या शाळेत गेला, आत्याचे लग्न झाले, वाचनालयातील बाई नव्याने आल्या. त्यानंतर दोन्ही कागद शाळेच्या कपाटात न ठेवता मुलाच्या हाती परत द्यावेत.